चौकाची मधली जागा

पाड्यात कुणाचंही लग्न असलं तरी सकू मांडवाच्या बाहेर उभी असायची. पाण्याच्या पिंपाजवळ, नाहीतर चुलवणापाशी. पाणी ती भरायची, तांदूळ ती निवडायची, भांडी ती घासायची. पण हळद लावायला किंवा भिंतीवर पिठाने लग्नाचा चौक लिहायला तिला कोणी हाक मारत नसे. यात कोणाचा तिच्यावर राग नव्हता. रीतच तशी होती. सकूचं स्वतःचं लगीन व्हायचं राहिलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दचकतो. नवसूच्या घरात ती पोरसवदा वयात आली, आता तिचा मुलगा पंकज बोईसरला टेम्पो चालवतो, मग लग्न राहिलं म्हणजे काय? पण पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वारली पाड्यात हे नवलाचं नाही. लगीन लावायचं म्हणजे सगळ्या गावाला जेवण आलं. ते ज्या वर्षी जमेल त्या वर्षी. तोवर बाई नांदते, मुलं होतात, कोणी वावगं बोलत नाही. फक्त तिला सवाशीण धरत नाहीत. आणि आईबापांचं लगीन लागल्याशिवाय मुलाचं लावत नाहीत. मांडवात आधी आईबाप बसतात, मग मुलगा.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहते जव्हारला, कामाची गावं मोखाड्याकडची. सकू त्या पाड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, ही तिची कामं. मी गेले की ती पोरांकडे पाठ करून डाळ निवडत बसलेली दिसायची आणि तिच्या घशातून एक बारीक सूर येत असायचा. ओठ हलत नसत. माझी चाहूल लागली की सूर बंद.

"काय गातेस ग सकू?"

"काय नाय मॅडम. उगाच."

तिची घरची बोली मला पूर्ण लिहिता येत नाही. कानावर पडली तशी, जमेल तशी लिहिते आहे.

हे लिहायला बसले त्याला कारण माझी मुलगी योगिता. ती पुण्याला असते. चांगली लागलेली नोकरी तिने मागच्या वर्षी सोडली. का, तर म्हणे, "आई, मला काय हवंय तेच मला कळत नाही. तू विचारू नकोस, मी सांगेन." तिने सांगितलेलं नाही. फोन क्वचित येतो. झोप येत नाही तेव्हा माणूस नको नको ती चित्रं डोळ्यांसमोर आणतो, त्यापेक्षा सकूचं लिहिलेलं बरं. कारण योगिताचं ते वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द धरून मी सकूच्या तोंडून ऐकलं, तेही होळीनंतरच्या रणरणत्या दुपारी, पाड्यातली सगळी माणसं जमलेली असताना.

झालं असं की पंकजचं लग्न ठरलं. मुलगी मोखाड्याची, बारावी झालेली. वैशाखातला दिवस धरला. म्हणजे त्याच मांडवात आधी नवसूचं आणि सकूचं लगीन लागणार. पंकजने दोन्हींचा खर्च करायची तयारी केली होती. मी त्या दिवशी अंगणवाडीचा तराजू तपासायला गेले होते, तर बायका कामं टाकून सकूच्या ओटीवर जमलेल्या.

"नवरीबाय, आता उन्हात नको जाऊ, काळी पडशील!"

"आधी नवऱ्याचे दात मोजून घे. चावायला तरी उरलेत का बघ."

"पळून जाईल हां नवरा, भट्टीवरच्या एखादीबरोबर!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नवसू ओटीच्या कडेला बसून विडी ओढत होता. तोही हसत होता. भला माणूस आहे नवसू. दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, होळीला येतो, पाऊस पडला की शेत करतो. दारू पितो, पण हात उचलत नाही. बोलत मात्र नाही. सकूच मला एकदा म्हणाली होती, "आमच्या घरात बोलायचं काम कोंबडीला दिलंय."

सकू उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मी नाय बसायची."

बायका आणखी हसल्या. त्यांना वाटलं लाजते आहे.

"मी नाय बसायची लग्नाला. पंकजचं लावा."

मग हसू थांबलं. पंकज पुढे झाला. "म्हणजे? तू नाय बसलीस तर माझं कसं लागेल? आई, तुला पाहिजे काय? पैठणी पाहिजे? सोन्याचं मंगळसूत्र पाहिजे? सांग ना. टेन्शन नको घेऊ, आपण करू."

"नको."

"मग बाबांशी भांडण हाय?"

"नाय."

"मग पाहिजे काय तुला?"

"मना काय पाहिजे तेच मना कळत नाय," ती म्हणाली. "कोणी कवा विचारलंच नव्हतं. तू आज विचारलंस. आता मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती वावरला निघून गेली.

वावर तिचं माहेर. माहेर म्हणायला तिथे फारसं काही उरलेलं नाही. कुपोषणाने पोरं दगावली ती वावरची वाईट वर्षं तिच्या लहानपणातच येऊन गेली. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला, पाठोपाठ आई. मी त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलेलं एवढंच. पुढे ती भातलावणीच्या टोळीबरोबर पोशेऱ्याला मजुरीला आली आणि नवसूच्या आईने तिला ठेवून घेतलं. हातात बांगड्या भरल्या, भात शिजवला, शेजाऱ्यांना सांगितलं, झालं. पुढच्या साली लगीन लावू म्हणाली. ती पुढची साल आलीच नाही, म्हातारी मात्र गेली.

वावरला थोरल्या भावाचं घर आहे. पण भाऊ आणि भावजय पोरांसकट भट्टीवर गेलेले. त्या दिवसांत तो सगळा पाडाच रिकामा असतो. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, अंगणात मोहाचा पाचोळा, एखादी म्हातारी आणि तिची शेळी. अशा ठिकाणी सकू एकटी जाऊन राहिली.

आठवडा गेला, ती येईना. मुलीकडची माणसं विचारायला लागली. पंकजने मला फोन केला. "मॅडम, तुमचं ऐकेल ती. तुम्ही जाऊन बघा ना. बाबाला बरोबर पाठवतो. मी गेलो तर मीच भांडेन."

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. माणूस एकटा जाऊन बसला की माझ्या मनात पहिला विचार वाईटच येतो. हा स्वभाव पोरगी झाली तेव्हापासूनचा. मी रजा टाकली. जव्हारहून जीपने वावरच्या फाट्यापर्यंत गेलो, पुढे चालत. नवसू माझ्या पुढे दहा पावलं. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला. "मी तिला काय केलं नाय, मॅडम."

घराच्या अलीकडे आंब्याखाली तो थांबला. "तुम्ही व्हा पुढं."

तेवढ्यात आवाज आला.

मी त्या भागात लग्नं पाहिली आहेत. लग्न लावणारी एक सवाशीण असते, तिला धवलेरी म्हणतात. भटजी नसतो, तिचं गाणं हाच लग्नाचा मंत्र. ती देवांना बोलावते, डोंगरांना बोलावते, तांदूळ कुठून आला, हळद कुठून आली, सगळं गाते. गाणं एकसुरी असतं आणि लांब, आमच्यासारख्यांना कंटाळवाणंही वाटतं. त्या पाड्याची धवलेरी धोंडीबाई, म्हातारी, आता धाप लागते तिला. पण हा आवाज तिचा नव्हता. हा भरदार होता, थोडा खरखरीत, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. रिकाम्या पाड्यात तो असा पसरला होता की पाचोळ्यावर पाय टाकायची मला भीती वाटली.

मी मागे पाहिलं. नवसूने तोंडातली विडी हातात घेतली होती.

मी दारात गेले तसं गाणं तुटलं. सकू चुलीपुढे नव्हती. ती आतल्या भिंतीसमोर उभी होती. हाताला कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. भिंत गेरूने सारवलेली आणि तिच्यावर पांढरा चौक. लग्नात सवाशिणी लिहितात तसा. चारी बाजूंची किनार, साखळ्या, कोपऱ्यात सूर्य आणि चंद्र, फणी, शिडी, झाडं, घोडा. सगळं भरलेलं. फक्त मधली चौकट, जिथे लग्नाची देवी पालघट लिहितात, ती रिकामी. लाल मातीचा तुकडा तेवढा.

"मॅडम," ती म्हणाली, "बसा. पाणी देते." आणि मग, मी भिंतीकडे बघते आहे हे बघून, "कोणाला सांगू नका हां. मना हे लिहायचा हक नाय."

"मग मधलं का राहिलं?"

"ते सवाशिणीनंच लिहायचं. बाकी केलं ते केलं. तेवढं नाय करवत."

मी पाणी प्यायले. "सगळं गाणं येतं तुला? कधी शिकलीस?"

"शिकले कुठं? बाहेर उभी राहून राहून कानात गेलं. अंगणवाडीत, शेतात, तोंडातल्या तोंडात चालूच असायचं. मोठ्यानं कवा म्हटलं नव्हतं. इथं आल्यावर पहिल्यांदा म्हटलं. मलाच भ्या वाटलं. म्हटलं हे कोण बोलतंय?"

मग ती पीठ वाळलेले हात मांडीवर ठेवून सांगत बसली. सलग नाही, मध्ये मध्ये थांबत. आल्या दिवशी तिने नागलीच्या भाकरी थापल्या त्या घरातल्या सगळ्यांना पुरतील इतक्या. तव्यावर पाहिलं आणि लक्षात आलं की खाणारी ती एकटीच. रडू आलं. दोन दिवस ती नुसती ओटीवर बसली. घरी परत जावंसं वाटतं का, स्वतःलाच विचारलं. वाटत नव्हतं. इथेच राहावंसं वाटतं का? तेही नाही. इथे आई नाही, मग काय आहे? नवसूने भट्टीवर जाऊ नये, घरी थांबावं, असं पूर्वी फार वाटायचं. ते कधी वाटायचं थांबलं तेही तिला आठवेना. साडी नको, मंगळसूत्र नको. पोराचं लग्न व्हावं हे हवं होतं, पण ते पोराला हवं होतं म्हणून.

"डाळीतले खडे काढतात ना, तसं एकेक काढत गेले," ती म्हणाली. "म्हटलं सगळेच खडे निघाले तर? मागं काय राहील? लई भ्या वाटलं, मॅडम. मग एका सकाळी पीठ भिजवलं नि भिंतीसमोर उभी राहिले. तोंड आपलं आपण उघडलं."

"मग हेच हवंय तुला. धवलेरी व्हायचंय."

तिने लगेच मान हलवली नाही. माझा शब्द तिला मोठा वाटला असावा. "मांडवाच्या आत उभं राहून म्हणायचं हाय," ती म्हणाली. "बाहेरून नाय."

मला एकदम मोकळं वाटलं. "अग, मग सोपं आहे! लग्नाला बस. सवाशीण झालीस की झालं."

"ते सोपं नाय. मी बसले तर गाण्यासाठी बसले असं हुईल. नवसूसाठी नाय. देवासमोर खोटं कसं बसू?"

यावर उत्तर दारातून आलं.

"मग मना सांगून बस."

नवसू कधी आला होता कोण जाणे. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि चौकाकडे बघू लागला.

सकू उठली. "ऐकलंस तू?"

"ऐकलं. आंब्याखालपर्यंत येतं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मना वाटायचं तू माझ्यावर चिडून गुणगुणतेस. म्हणून मी बोलायचो नाय."

"इतकी वर्सं?"

"मग. बाय चिडलेली असली का गप बसायचं, बापानं शिकवलं व्हतं."

मला हसू आलं. सकू मात्र हसली नाही. ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला त्याच्यासमोर बसली. "मी तुझ्यासाठी नाय बसत, नवसू. तुझ्यासाठी बसायचं ते मी तवाच बसले असते, आले तवा. आता ते नाय माझ्यात. तुझं जेवण करीन, आजारी पडलास तर दुखणं काढीन. पण लगीन लागंल ते यासाठी." तिने पीठ लागलेला हात चौकाकडे केला. "चालंल तर सांग. नाय तर नाय म्हण."

नवसूने विडी पेटवली. विझवली. त्याचा चेहरा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. काहीतरी हातातून गेलं आणि ते आपल्या हातात होतं हेही आताच कळलं, असा. "चालंल," तो म्हणाला. "मना कोण गायला सांगतंय? मी नुसता बसायचा."

वैशाखात लगीन लागलं. बाशिंग बांधलेली सकू आणि केस काळे केलेला नवसू. बायकांनी थट्टेची हौस फेडून घेतली. धोंडीबाई गात होती आणि मध्येच तिचा श्वास संपला, तांदळाच्या गाण्यातलं एक कडवं गळालं. ते मला कळलं नसतं. मला कळलं ते सकूचे ओठ हलताना पाहून. नवरीने गायचं नसतं, ती गप्प होती, पण ते कडवं तिने आतल्या आत पूर्ण केलं. धोंडीबाईनेही ते पाहिलं.

पुढे पंकजचं लागलं. दोन दिवसांनी तो आणि सून बोईसरला गेले. सकूच्या हातांची हळद निघाली नव्हती तेव्हा ती धोंडीबाईच्या दारात गेली. मी त्या दिवशी पाड्यात होते, तिने मलाही नेलं. एकटीने विचारायचा धीर होत नव्हता.

"आजी, मना संगती न्या. मना तुमच्यासारखं गायचं हाय."

धोंडीबाईने तिला नखशिखांत न्याहाळलं. "सपान पडलं?"

त्या बायकांत असं मानतात की धवलेरी कोणी ठरवून होत नाही. स्वप्नात देवी येते, गाणं देते, सकाळी उठून बाई गायला लागते. धोंडीबाईचंही तसंच झालं होतं.

बाजूच्या ओटीवरून एक बाई खुणावत होती, सांग ना पडलं म्हणून, कोण बघायला आलंय! मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. एक शब्द बोलायचा, आणि इतकी वर्षं बाहेर काढलेली बाई आत जाणार.

"नाय पडलं," सकू म्हणाली. "मना सपनंच पडत नायत. दिवसभर काम करून मी दगडासारखी झोपते. मी जागी व्हते, आजी. जागेपणीच आलं."

"मग नाय व्हायचं," धोंडीबाई म्हणाली. "जागेपणी कोणी धवलेरी होत नाय."

सकूने मान खाली घातली. तिने हुज्जत घातली नाही, रडलीही नाही. पाया पडली आणि उठली. आम्ही अंगण ओलांडून गेलो असू तेव्हा मागून आवाज आला.

"सकू! पाठीमागं उभं राहायला सपान लागत नाय. परवा डोल्हारा गावाकडं लगीन हाय. माझ्या पाठीमागं उभी ऱ्हा. मी सोडीन तिथं धर. लोकांनी विचारलं तर सांगायचं, म्हातारीला धरायला आले."

त्या लग्नाला मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण बाईमाणूस आलं तर कोणी विचारत नाही. सकाळी पोचले तेव्हा मांडवात जागा नव्हती, म्हणून पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिले. तिथून आतलं नीट दिसत नाही. माणसांच्या पाठी दिसतात आणि गाणं तेवढं ऐकू येतं. धोंडीबाईचा आवाज धापा टाकत चालला होता. एका जागी तो सुटला आणि दुसरा आवाज तिथूनच पुढे गेला. कोणी मान वळवून पाहिलं नाही. लग्न चालूच राहिलं. नवरी कोण, नवरा कोण, यातच लोक गुंतले होते. सकूच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट झाली आणि ती फक्त एका म्हातारीला आणि मला कळली.

परत येताना आम्ही दोघी पायवाटेने फाट्यापर्यंत आलो. ऊन चढलं होतं. ती पुढे, मी मागे. नवसू आता नाशिकच्या बाजूला कामाला गेला होता, पावसाआधी चार पैसे मिळतात म्हणून. एरवी होळीला आला की तो पावसापर्यंत घरीच असायचा, या वेळी लग्न लागलं तसा बाहेर पडला, असं सकूच म्हणाली. वाईट वाटून नाही, आणि न वाटूनही नाही.

"घरी कोण आहे आता?" मी विचारलं.

"कोण नाय. कोंबडी."

"एकटं वाटत नाही?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "लई वाटतं. पैलं पण वाटायचं, पण तवा ते कशाचं हाय ते कळायचं नाय."

मला योगिताचं विचारायचं होतं. पोरगी अशीच कुठेतरी भिंतीसमोर बसली असेल का, तिला काही सापडेल का, की सगळेच खडे निघतील? सकूला काय माहीत असणार, म्हणून विचारलं नाही. वावरला मी गेले होते ते तिने बोलावलं म्हणून नव्हे, आणि माझ्या जाण्याने तिला काही सापडलंही नव्हतं. ते आधीच भिंतीवर होतं. तरी मी पुण्याला जाऊन येईन म्हणते. विचारणार काही नाही. दारात बसेन.

चालता चालता सकूच्या घशातून तो सूर सुरू झाला. मग तोंड उघडलं आणि शब्द आले. वाटेत समोरून दोन माणसं मोटारसायकलवर आली, तिच्याकडे बघत गेली. मी तिच्या मागेच होते, माझ्या चपलांचा आवाज तिला ऐकू येत होता.

ती थांबली नाही.